नाकाने सोललेले कांदे

आमच्या घराण्यात नाकाला फार मान आहे. पणजोबांपासून थेट माझ्या लेकीपर्यंत सर्वांना एकाच साच्यातले धारदार, किंचित बाकदार नाक मिळाले आहे. वडिलार्जित इस्टेटीतला एवढाच वाटा असा, की जो कोणाला विकता आला नाही, की भावाभावांच्या भांडणात गमावता आला नाही. वाईच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीवर ओळीने तसबिरी लावल्या होत्या. त्यांत प्रथम नाक दिसे आणि मागाहून माणूस दिसे. असले नाक लाभलेल्याने त्याच्याच रेषेत सरळ चालावे, अशी जगाची अपेक्षा असते, आणि मीही तसाच चालत आलो. विडी-काडी नाही, पान-तंबाखू नाही. चहासुद्धा दिवसातून दोनच वेळा. आपण निर्व्यसनी आहोत हे चारचौघांत सांगण्याचे व्यसन मात्र मला होते, आणि ते ऐकवायला सर्वांत सोयीचे श्रोते म्हणजे आमचे अण्णा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तपकीर ओढीत. शाळामास्तर माणूस. एक लहानशी पितळी डबी सदैव कोटाच्या खिशात. ती काढायची, झाकणावर बोटाने दोन टिचक्या मारायच्या, चिमूट उचलायची, डोळे अर्धवट मिटायचे आणि मग एका दमात ती आत ओढायची, हा सोहळा दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी होई. मागाहून येणारी शिंक अशी खणखणीत, की तीन घरे पलीकडच्या काकू म्हणत, "मास्तर उठले." त्यांचे रुमाल आई वेगळ्या बादलीत भिजवी आणि ते धुताना जे काही पुटपुटे, ते स्तोत्र खास नव्हते. मी मिळवता झाल्यापासून अण्णांना दर सुट्टीत तपकिरीवर एक व्याख्यान देत असे. "अण्णा, माणसाने वस्तू वापरावी, वस्तूने माणसाला वापरू नये," हे माझे आवडते वाक्य. अण्णा शांतपणे ऐकून घेत आणि व्याख्यान संपले की डबीवर दोन टिचक्या मारीत.

असे कांदे मी नाकाने बरीच वर्षे सोलले.

२००९ च्या जुलैत, पुण्यात जो बारीक चिवट पाऊस लागतो, त्यात स्कूटरवरून कचेरीत जाता-येता मला पडसे झाले. सौभाग्यवतीने सुंठ-गवती चहाचा काढा पाजला, ओवा तव्यावर भाजून त्याची पुरचुंडी हुंगायला दिली, डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफाऱ्याला बसवले. चौथ्या रात्री नाक इतके चोंदले, की मी तोंड उघडे टाकून पलंगावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझा आवाज ऐकूनच, चिठ्ठी वगैरे न विचारता, अंगठ्याएवढी एक बाटली काउंटरवर ठेवली. "दोन-दोन थेंब टाका, साहेब. शांत झोप लागेल."

ती रात्र मी विसरलेलो नाही. थेंब टाकून मान मागे टाकली. आत थोडे चुरचुरले. दोन-तीन मिनिटे गेली असतील, आणि वर्षानुवर्षे बंद असलेल्या वाड्याचा दरवाजा करकरत उघडावा तशी हवा आत शिरली. थेट मस्तकापर्यंत! श्वास घेणे ही एवढी चैनीची गोष्ट आहे हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळले. बाटलीच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद होता. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत त्यावर लिहिले होते, की हे औषध सलग थोड्याच दिवसांपुरते वापरावे. त्या कागदाने मी चष्म्याची काच पुसली आणि तो टाकून दिला.

पडसे आठवड्यात गेले. थेंब राहिले. प्रथम फक्त रात्रीचे दोन, दिवाळीपर्यंत सकाळचेही, पुढल्या पावसाळ्यात दर चार तासांनी. एक बाटली उशीखाली, एक कचेरीच्या खणात, एक स्कूटरच्या डिकीत आणि एक खिशात. खिशातली कोणती, तर अण्णांची डबी ज्या खिशात असे तीच बाजू, डावी. हे साम्य तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही, आले असते तरी मी ते मानले नसते. नाटकाच्या मध्यंतरात सारे लोक बटाटेवड्याकडे धावत आणि मी प्रसाधनगृहाकडे. प्रवासाला निघताना तिकीट राहिले तर चालेल, पण बाटली राहिली तर गाडी सोडून परत फिरायची तयारी. एकाच दुकानातून सारख्या बाटल्या घ्यायला लाज वाटू लागली, तेव्हा मी चार दुकाने ठरवून टाकली आणि उधारी थकलेल्या माणसासारखा पाळीपाळीने वाट बदलून जाऊ लागलो. रिकाम्या बाटल्याही मी टाकीत नसे. त्या कपाटाच्या खालच्या खणात जमत. का, तर अडल्या रात्री जोराने झटकल्यास तळाशी एखादा थेंब निघतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

आणि तरीही मी निर्व्यसनी होतो! कारण हे व्यसन नव्हते, औषध होते. दुकानावर तशी पाटीच होती. तपकिरीच्या डबीला हा मान नाही. २०१३ साली माझा रक्तदाब वाढलेला निघाला. आमच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली, सहा महिन्यांनी तिची मात्रा वाढवली आणि विचारले, "दुसरे काही औषध घेता का?" मी म्हणालो, "छे, मुळीच नाही." खिशात हात होता आणि हातात बाटली होती. रक्तवाहिन्या आवळणारे हे थेंब रक्तदाबाच्या रोग्याने जपून वापरावेत, हे त्या मुंगीच्या अक्षरांत लिहिलेले होतेच. मी खोटे बोललो असे मला तेव्हा वाटलेसुद्धा नाही. नाकात घालायचे थेंब म्हणजे काय औषध!

यानंतरची गोष्ट सांगायला मला थोडा वेळ लागतो.

२०१५ च्या फेब्रुवारीत अण्णांना पुण्याला आणून रुग्णालयात ठेवावे लागले. छातीत कफ, वय पंच्याऐंशीच्या पुढे. रात्री त्यांच्याजवळ बसण्याची पाळी माझी. दोनच्या सुमारास माझे नाक बंद झाले. खिशातली बाटली संपलेली. झटकली, उलटी धरली, दाबली, काही नाही. अण्णा झोपले होते. मी खाली रुग्णालयाच्याच दुकानात गेलो, तर इतक्या वर्षांत प्रथमच एका माणसाने माझ्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. मी बाहेर पडलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. रात्रभर उघडे असणारे एक दुकान ठाऊक होते, ते बरेच दूर होते. मी तोंडाने धापा टाकीत चाललो. बाटली मिळाली तेव्हा दुकानाच्या पायरीवरच मान मागे टाकली.

परत आलो तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. अण्णा जागे होते. त्यांना खोकल्याची उबळ आली होती आणि त्यांनी मला हाका मारल्या होत्या. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याच्या बायकोने उठून त्यांना बसते केले होते, पाणी पाजले होते. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी अजून चुकवतो आहे.

"कुठे गेला होतास?" अण्णांनी विचारले.

"औषध आणायला."

"माझे?"

मी काही बोललो नाही. त्यांनी माझ्या डाव्या खिशाकडे पाहिले. माझा हात तिथेच होता.

"तुझ्या आजोबांच्या दुखण्यात," अण्णा हळूहळू म्हणाले, "मीही एका रात्री असाच औषध आणायला गेलो होतो. डबी रिकामी झाली होती."

एवढे बोलून ते कुशीवर वळले. आजोबांचे त्या रात्री काय झाले हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. मला वाटते, त्यांना ओरडायचे नव्हते. उलट, इतक्या वर्षांनी एक माणूस आपल्या बाकावर येऊन बसला म्हणून त्यांनी थोडे सरकून जागा करून दिली. अण्णा त्या दुखण्यातून उठले आणि २०१८ च्या श्रावणापर्यंत राहिले. मी मात्र त्या दिवसापासून त्यांना व्याख्यान दिले नाही. थेंबही सोडले नाहीत. त्याच पहाटे पाच वाजता पुन्हा दोन-दोन टाकले होते.

माझे बिंग फुटले ते २०२० साली, आणि तेही हिंगाने फोडले. मार्चपासून सारे घरकोंडीत. वास न येणे हे त्या नव्या आजाराचे एक लक्षण आहे असे वर्तमानपत्रांतून येऊ लागले, तशी आमच्याकडे रोज सकाळी एक कवायत सुरू झाली. सौभाग्यवती हिंगाची डबी घेऊन प्रत्येकाच्या नाकाशी धरी. "येतो वास?" मी रोज "येतो" म्हणत असे. प्रत्यक्षात किती वर्षांत मला कशाचाही वास आला नव्हता ते मलाच आठवत नव्हते. वास घेणारी जागा नाकाच्या पार वरच्या टोकाला असते. तिथवर हवाच पोचली नाही तर तिने तरी काय करावे? एके सकाळी बायकोने डबीत हिंगाऐवजी पिठीसाखर भरून आणली. मी डोळे मिटून म्हणालो, "वा! काय घमघमाट आहे!"

घरात हलकल्लोळ झाला. मला मागच्या खोलीत ठेवण्यात आले. तपासणीसाठी नाकात काडी घालणाऱ्या माणसाला ती पुढे सरकवताना जे कष्ट पडले, ते पाहून त्याने विचारले, "काका, इथे रस्ताच नाही की!" निकाल आला, आजार नाही. मग वास का नाही? मी परत पुढच्या खोलीत आलो तोवर लेकीने मागची खोली पुसायला घेतली होती, आणि थोड्या वेळाने तिने जेवणाच्या टेबलावर एक रांग मांडली. खालच्या खणातल्या रिकाम्या बाटल्या. एकसष्ट.

"बाबा, हे काय?"

बायको काही बोलली नाही. तिने त्या बाटल्या एक-एक करून उचलल्या आणि उजेडात धरून पाहिल्या. मग एवढेच म्हणाली, "अहो, आणि अण्णांचे रुमाल धुताना सासूबाईंच्या बाजूने मीही बोलत होते."

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीएवढ्या. पारदर्शक मुखवट्याआडून त्यांनी विचारले, "काका, किती वर्षे?" मी म्हणालो, "अकरा." त्यांनी मान हलवली; धक्का वगैरे त्यांना बसला नाही, याचा मला थोडा रागच आला. मग त्यांनी कागदावर नाक काढून दाखवले. नाकाच्या दोन्ही बाजूंना आत हाडांच्या तीन-तीन वळकट्या असतात, त्यांवर मऊ अस्तर, अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे. आत येणारी हवा ऊबदार आणि ओलसर करणे हे त्यांचे काम. पडशात हे जाळे रक्ताने फुगते आणि वाट अडते. थेंबातले औषध त्या वाहिन्यांना आवळून टाकते. आपण भ्यालो की अंगात ॲड्रेनलिन उसळते, त्याचेच हे नाकापुरते सोंग. वाट मोकळी होते. पण औषध उतरले की वाहिन्या सैल पडतात, आणि दिवसेंदिवस आवळत राहिले तर पूर्वीपेक्षा जास्तच फुगतात. मग पुन्हा थेंब. त्यांचा असर आधी दहा तास टिकतो, मग सहा, मग चार. "तुमचे पडसे २००९ च्या जुलैतच बरे झाले, काका," बाई म्हणाल्या. "त्यानंतरचे सगळे या बाटलीने केलेले आहे."

या दुखण्याला 'रायनायटिस मेडिकामेंटोसा' असे भारदस्त नाव आहे. म्हणजे औषधाने आणलेले पडसे. मी घरी येऊन वाचू लागलो, तेव्हा कळले की हे नाव १९४० च्या दशकातच पडले होते. माझ्या बाटलीतले झायलोमेटाझोलिन निघाले ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस. बारसे आधी आणि मूल नंतर! त्याआधीही नाक उघडणारी औषधे होतीच. चिनी वैद्य ज्या 'मा हुआंग' वनस्पतीचा काढा शतकानुशतके देत आले, तिच्यातून नागाई नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली एफेड्रिन वेगळे काढले, आणि पुढे त्याचेही थेंब लोकांनी नाकात घातले. मेंथॉलची गंमत तर आणखीच निराळी. ते नाक उघडतच नाही. फक्त आतल्या ज्ञानतंतूंना गारवा भासवते आणि आपल्याला वाटते, हवा आली. मधल्या काळात थेंबांऐवजी मी सर्दीच्या गोळ्या घेऊन पाहिल्या होत्या आणि त्या मला लागू पडत नाहीत म्हणून माझेच नाक नतद्रष्ट असे समजलो होतो. त्यांतल्या फिनाइलेफ्रिनबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ च्या सप्टेंबरात एकमताने सांगितले, की पोटात घेतल्यावर ते चोंदलेले नाक काही उघडत नाही. ती बातमी मी कापून ठेवली आहे.

उपाय सोपा होता, म्हणजे सांगायला. बाईंनी एक स्टिरॉइडचा फवारा लिहून दिला. तो लगेच नाक उघडत नाही, दिवसेंदिवस सावकाश काम करतो. शिवाय उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचे. आणि थेंब एकदम दोन्हीकडचे न सोडता आधी एकाच नाकपुडीचे बंद करायचे. "डावी सोडा. उजवीतून श्वास घ्या. डावी आपली आपण उघडली की मग उजवी." आमच्या लेकीने कॅलेंडरावर तारखा लिहिल्या, बाटली तिच्या ताब्यात गेली, आणि रेशनच्या दुकानासारखे रात्री उजव्या बाजूला दोन थेंब मोजून मिळू लागले.

पहिल्या तीन रात्री मी डाव्या नाकपुडीचा शत्रू होतो. चौथ्या रात्री अडीच वाजता लेकीच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन उभा राहिलो. कपाटाची किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होते. दार लोटले असते तर ती उठलीही नसती. तिथे उभा असताना मला एकदम तो रुग्णालयाचा जिना आठवला, खाली उतरतानाचा. मी परत येऊन दोन उशा पाठीशी घेऊन बसलो. सौभाग्यवती जागीच होती. तिने वाफाऱ्याचे पाणी तापवले आणि आम्ही दोघे स्वयंपाकघरात, एक टॉवेलाच्या आत आणि एक बाहेर, उजाडेपर्यंत बसलो. अकराव्या दिवशी डावी बाजू थोडी मोकळी झाली. सप्टेंबरच्या मध्यावर उजवीचे थेंबही सुटले.

तरी एक भीती उरली होती. सकाळी उजवी मोकळी तर डावी जड, दुपारी उलट. मी घाबरून बाईंना फोन केला. त्या हसल्या. निरोगी माणसाच्या नाकाचीही हीच रीत असते म्हणे. काही तासांच्या पाळीने एक बाजू थोडी फुगते, दुसरी ओसरते, आणि माणसाला पत्ताही नसतो. कायझर नावाच्या जर्मन वैद्याने हे १८९५ साली लिहून ठेवले. आमच्याकडचे योगी त्याच्या किती तरी आधीपासून चंद्रस्वर आणि सूर्यस्वर म्हणत आले आहेत. कुशीवर झोपले की खालची नाकपुडी भरते, हेही तसेच. माझ्या बाटल्यांपैकी किती या निव्वळ पाळी बदलण्यावर खर्च झाल्या असतील, याचा हिशेब मी काढलेला नाही. रक्तदाबाच्या डॉक्टरांना मात्र मी जाऊन सारे सांगितले. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि कागदावर माझ्या नावापुढे एक ओळ लिहिली. ती त्यांनी मला वाचू दिली नाही.

वास परत आला तो चोरपावलांनी. ऑक्टोबरात एके दुपारी मी वर्तमानपत्र वाचीत असताना आमटीच्या फोडणीतला हिंग आला, खराखुरा. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि कढईशेजारी उभा राहिलो. "काय हवे?" बायकोने विचारले. मी म्हणालो, "काही नाही." मग रोज एकेक पाहुणा येऊ लागला. कापूर, ओल्या मातीची कुंडी, इस्त्रीचा कपडा, बंद छत्री. मग चकलीसाठी भाजणी भाजली गेली आणि मी तो सारा दिवस घराबाहेर पडलो नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घर आवरताना माळ्यावरून अण्णांची ट्रंक खाली काढली. दोन वर्षे ती कोणी उघडली नव्हती. धोतरे, शाळेतल्या निरोपसमारंभाची शाल, चष्म्याचे घर, आणि तळाशी हातरुमालात गुंडाळलेली ती पितळी डबी. झाकण घट्ट बसले होते. मी सवयीने, म्हणजे त्यांच्या सवयीने, वर दोन टिचक्या मारल्या. आत चिमूटभरही तपकीर नव्हती, कडेला थोडी तांबूस पूड तेवढी चिकटलेली होती. मी डबी नाकाजवळ नेली. कोट, खडूची भुकटी, वाईचे माजघर, दुपारची झोप आणि अण्णा, सगळे एकदम आले.

आणि मग अशी शिंक आली, की खालच्या मजल्यावरचे कुत्रे भुंकू लागले.

"अहो," आतून हाक आली, "पुन्हा पडसे झाले की काय?"